डेटाबेस कनेक्शनचे वीक सायफर बंद करायचेत: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर

भोसरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्याचं सेटअप आहे. ऑडिटच्या स्कॅनमध्ये शेरे आलेत: ५४३२ (पोस्टग्रेसचं पोर्ट) वर टीएलएसची, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची, जुनी १.० आवृत्ती चालू, तिथेच ट्रिपल डीईएस हा जुना सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) उपलब्ध (त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०१६-२१८३), आणि १४३३ (एसक्यूएल सर्व्हरचं पोर्ट) वर आरसी४ हा तसाच जुना सायफर व ट्रिपल डीईएस.

सर्व्हर असे आहेत. पोस्टग्रेस ११, सेंटओएस ७ वर. मायएसक्यूएल ८.०.३६, उबंटू २२.०४ वर. एसक्यूएल सर्व्हर २०१६, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर. जुनं आहे हे माहीत आहे, अपग्रेडचं बजेट पुढच्या वर्षाचं आहे, त्यामुळे "आधी अपग्रेड करा" हे सोडून सांगा.

क्लायंट: जावा ८ वरचं ॲप, पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसपुढचा कनेक्शन पूलर), एक्सेलमधून ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर), आणि शॉपफ्लोरवर वजनकाटा व बारकोडची विंडोज ७ यंत्रं. उत्पादन तिन्ही शिफ्टला चालतं. काय, कुठे आणि कुठल्या क्रमाने बदलायचं?

पेठकर

पोस्टग्रेसचं सोपं आहे. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये एक ओळ (फोरमच्या नियमानुसार देवनागरीत देतोय, फाइलमध्ये अर्थातच रोमन):

एसएसएल_सायफर्स = 'ईसीडीएचई+एईएसजीसीएम:ईसीडीएचई+चाचा२०'

(ईसीडीएचई ही किल्ली ठरवायची पद्धत, एईएसजीसीएम आणि चाचा२० हे सायफर.) मग पीजी_रीलोड_कॉन्फ चालवा. आवृत्ती १० पासून एसएसएलच्या (टीएलएसचंच जुनं नाव) सेटिंग्जना रीस्टार्ट लागत नाही. चालू कनेक्शनं जुन्याच सायफरवर राहतात, नवी येतील ती नव्या यादीवर. डिफॉल्ट यादी 'हाय:मीडियम:+३डीईएस:!एनल' अशी असते. त्यात अधिकच्या चिन्हाचा अर्थ ट्रिपल डीईएस रांगेत शेवटी ढकला एवढाच होतो, काढून टाका असा नाही. तुमचा शेरा तिथूनच आलाय.

टीएलएस १.० साठी एसएसएल_मिन_प्रोटोकॉल_व्हर्जन हे पॅरामीटर १२ मध्ये आलं आणि १३ पासून त्याचं डिफॉल्ट १.२ झालं. तुमच्या ११ मध्ये ते नाहीच. पण वरच्या यादीने ते कामही होतं. जीसीएम आणि चाचा२० हे सायफर टीएलएस १.२ च्या आधी अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे १.० किंवा १.१ वर येणाऱ्या क्लायंटला जुळणारं काहीच सापडत नाही आणि हँडशेक (कनेक्शनची सुरुवातीची बोलणी) तिथेच मोडतो.

नळस्टॉप

पेठकर, सेंटओएस ७ वर ओपनएसएसएल (टीएलएसची लायब्ररी) १.०.२ आहे. त्यात चाचा२० नाही आणि टीएलएस १.३ पण नाही.

पेठकर

बरोबर. पण यादीतला अनोळखी शब्द ओपनएसएसएल मुकाट्याने गाळतं, म्हणून ओळ तशीच चालेल.

अर्थात याच सवयीचा त्रासही होतो. 'एईएसजीसीएम' लिहिताना एक अक्षर चुकलं तर तक्रार येत नाही, यादी गुपचूप लहान होते. एकही नाव जुळलं नाही तरच पोस्टग्रेस लॉगमध्ये बोंब मारतं: यादी लावता आली नाही, एसएसएल कॉन्फिगरेशन रीलोड झालं नाही. त्या वेळी जुनी यादी चालू राहते आणि वरवर सगळं छान दिसतं. पुढे कधीतरी रीस्टार्ट केलात की सर्व्हर उठतच नाही. म्हणून ओळ टाकण्याआधी त्याच मशीनवर 'ओपनएसएसएल सायफर्स -व्ही' ला ती यादी देऊन बघा. तुमच्याकडे चारच ओळी यायला हव्यात: आरएसए आणि ईसीडीएसए (सर्टिफिकेटचे दोन प्रकार), प्रत्येकी १२८ आणि २५६ बिट. नव्या ओपनएसएसएलवर चाचाच्या दोन वाढतात, शिवाय टीएलएस १.३ च्या तीन दिसतात. त्या तिघींचा या पॅरामीटरशी संबंध नाही, हे फक्त १.२ आणि त्याखालच्यांसाठी आहे. १.३ साठी वेगळं पॅरामीटर पोस्टग्रेस १८ मध्ये आलं.

रात्रपाळी

भोसरीकर, थांबा जरा. ही ओळ आज टाकू नका.

लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीचा डिफॉल्ट एसएसएलमोड 'प्रिफर' आहे. प्रिफर म्हणजे आधी एसएसएल करून बघ, नाही जमलं तर साध्या कनेक्शनने ये. एसएसएल हँडशेक फसला तरीही तो हेच करतो. तुमच्या पीजी_एचबीएमध्ये (कोणाला कसं जोडू द्यायचं ती फाइल) ओळी 'होस्ट' ने (एसएसएल आणि साधं दोन्ही चालतं) सुरू होत असतील, आणि बहुतेक ठिकाणी तशाच असतात, तर सायफर आवळल्यावर जुना क्लायंट तुटणार नाही. तो चुपचाप विना-एन्क्रिप्शन जोडला जाईल. म्हणजे कालपर्यंत ट्रिपल डीईएसमधून जाणारा डेटा उद्यापासून उघडा जाईल, आणि पुढच्या स्कॅनमध्ये मात्र तुम्ही पास. स्कॅनर सर्व्हर कुठले सायफर देतो एवढंच विचारतो, क्लायंट एन्क्रिप्शनशिवाय येतोय का हे त्याला दिसत नाही.

लॉगमध्ये हे असं दिसतं. आधी "कुड नॉट ॲक्सेप्ट एसएसएल कनेक्शन: नो शेअर्ड सायफर", आणि त्याच सेकंदाला त्याच आयपीवरून "कनेक्शन ऑथराइज्ड", ज्याच्या शेवटी "एसएसएल एनेबल्ड" हे शब्द नाहीत. ही जोडगोळी दिसली की समजा.

तेव्हा क्रम असा ठेवा.

आधी लॉग_कनेक्शन्स चालू करा आणि कोण कशावर येतंय ते गोळा करा. चालू कनेक्शनांसाठी पीजी_स्टॅट_एसएसएल हे पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीला पीआयडीवर जोडा आणि युजर, ॲप्लिकेशनचं नाव, क्लायंटचा पत्ता, व्हर्जन, सायफर यावर ग्रुप करा. एका दिवसाचा नमुना पुरत नाही. महिनाअखेरीचे रिपोर्ट आणि स्टॉकची मोजणी वेगळ्याच यंत्रावरून, वेगळ्याच ड्रायव्हरने चालते. किमान एक महिनाअखेर त्यात येऊ द्या. आणि मार्चएंडला हात लावू नका, हे सांगायला नको.

मग साध्या कनेक्शनचं दार बंद करा, सायफर अजून जुनेच ठेवून. एचबीएमधल्या 'होस्ट' च्या जागी 'होस्टएसएसएल'. रेप्लिकेशनची (दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे स्टँडबायवर, प्रत ठेवण्याची) ओळ विसरू नका. स्टँडबायच्या प्रायमरी_कॉनइन्फोमध्ये एसएसएलमोड लिहिलेला नसेल तर तिथेही प्रिफरच लागू असतो. 'लोकल' ओळींना हात लावायची गरज नाही, युनिक्स सॉकेटवर एसएसएल नसतंच.

सायफरची ओळ त्यानंतर.

भोसरीकर

रात्रपाळी, हे लक्षातच आलं नव्हतं. होस्टएसएसएल केल्यावर आणि सायफर आवळल्यावर जुन्या क्लायंटला नेमकी काय एरर दिसेल? शॉपफ्लोरवरून फोन येतात तेव्हा स्क्रीनवरचं वाचून दाखवतात, तेवढंच हातात असतं.

रात्रपाळी

चांगला प्रश्न, कारण दिसणारी एरर दिशाभूल करते. प्रिफरवाला क्लायंट आधी एसएसएलवर आपटतो, मग साध्यावर येतो आणि एचबीए त्याला हाकलते. स्क्रीनवर येतं "नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट ..., एसएसएल ऑफ" (१४ पासून शेवटी "नो एन्क्रिप्शन"). ते वाचून माणूस तासभर एचबीए चिवडत बसतो. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच्या एक ओळ आधी असतं. फोनवर "एसएसएल ऑफ" ऐकू आलं की पहिली शंका सायफरची घ्या.

क्लायंटकडे एसएसएलमोड 'रिक्वायर' किंवा त्यावर असेल तर खरी एरर दिसते: "हँडशेक फेल्युअर" किंवा "ॲलर्ट प्रोटोकॉल व्हर्जन". पहिली सायफरची, दुसरी टीएलएसच्या आवृत्तीची. पण तुमच्या ११ वर आवृत्तीची अटच लावता येत नसल्याने १.० वाला क्लायंटही "हँडशेक फेल्युअर" च बघेल.

अक्षता_डीबीए

मायएसक्यूएलबद्दल. ८.०.२८ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ काढूनच टाकले, म्हणून ८.०.३६ वर तुम्हाला शेरा आला नाही. पण रात्रपाळींनी सांगितलेली फट इथेही आहे: क्लायंटचा डिफॉल्ट एसएसएल-मोड 'प्रिफर्ड' आहे आणि सर्व्हर साधं कनेक्शन घेतो. त्यावर उपाय रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट = ऑन. रीस्टार्ट लागत नाही. सॉकेटवरचं लोकल कनेक्शन तो सुरक्षितच मानतो, त्यामुळे त्याच मशीनवरच्या बॅकअप स्क्रिप्ट तुटत नाहीत. टीसीपीवरून साधं येणाऱ्याला एरर ३१५९ मिळते आणि ती निःसंदिग्ध असते.

रेप्लिका असेल तर आधी तिकडे चेंज रेप्लिकेशन सोर्समध्ये सोर्स_एसएसएल = १ करा. त्याचं डिफॉल्ट शून्य आहे. हे विसरलात तर रेप्लिकेशन लगेच नाही, पुढच्या रीकनेक्टला बंद पडेल, म्हणजे बहुतेक रविवारी पहाटे.

सायफर आवळायचे तर १.२ साठी एसएसएल_सायफर आणि १.३ साठी टीएलएस_सायफरसूट्स अशी दोन वेगळी पॅरामीटर आहेत. सेट पर्सिस्ट करून 'ऑल्टर इन्स्टन्स रीलोड टीएलएस'. नवीन सेटिंग चुकीची असेल तर हा आदेश एरर देतो आणि जुनी चालू ठेवतो. त्याला 'नो रोलबॅक ऑन एरर' जोडू नका, तसं केलं आणि सेटिंग चुकली तर टीएलएसच बंद होतं. कोण कशावर जोडलंय ते सिस स्कीमातल्या सेशन_एसएसएल_स्टेटस या व्ह्यूमध्ये दिसतं.

आणखी एक. ८.० मध्ये एक्स प्लगइन आपोआप चालू असतं, पोर्ट ३३०६०. वापरत नसाल तर मायएसक्यूएलएक्स = ० करून बंदच करा. एक दार कमी.

नळस्टॉप

चाचणीबद्दल कोणी बोललं नाही. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' ला '-स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस' किंवा 'मायएसक्यूएल' देता येतं, १.१.१ पासून. पण नव्या लॅपटॉपवरून '-टीएलएस१' ने तपासलंत आणि हँडशेक फसला, म्हणजे सर्व्हर सुधारला असं नाही. उबंटू २२.०४ वरचं ओपनएसएसएल ३ स्वतःच टीएलएस १.० बोलायला नकार देतं. त्याला सायफर म्हणून 'डिफॉल्ट@सेकलेव्हल=०' दिलंत तरच तो खरोखर प्रयत्न करतो. ट्रिपल डीईएस तर १.१.० पासून मुळात कंपाइलच होत नाही, त्यामुळे नव्या बायनरीने त्याची चाचणी घेणं व्यर्थ.

एनमॅप या स्कॅनरची एसएसएल-एनम-सायफर्स ही स्क्रिप्ट बरी. ती हँडशेकचे पॅकेट स्वतः बनवते, लोकल ओपनएसएसएलच्या मर्यादा तिला लागत नाहीत. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर तिघांचीही बोलणी तिला येतात. शेवटचं महत्त्वाचं, कारण एसक्यूएल सर्व्हरचा टीएलएस हँडशेक टीडीएस या त्याच्या स्वतःच्या प्रोटोकॉलच्या पॅकेटात गुंडाळलेला असतो आणि साधा एस_क्लायंट १४३३ वर नुसता लटकून राहतो.

चहाबिस्किट

एक बाळबोध प्रश्न. ट्रिपल डीईएसचा डेटाबेसवर प्रत्यक्षात धोका किती? की नुसतं ऑडिटचं समाधान?

पेठकर

बाळबोध नाही. स्वीट३२ हा हल्ला २०१६ चा. ट्रिपल डीईएसचा ब्लॉक ६४ बिटांचा, म्हणून एकाच किल्लीने दोनाचा ३२ वा घात इतके ब्लॉक, म्हणजे साधारण ३२ जीबी, गेले की दोन सारखे ब्लॉक सापडण्याची शक्यता भरीव होते. संशोधकांना प्रत्यक्ष प्रयोगात ७८५ जीबी गोळा करावा लागला, आणि ब्राउझरकडून तीच ती विनंती सतत पाठवून घ्यावी लागली. डेटाबेस क्लायंटवर अशी सक्ती करणं कठीण. उलट बाजूने, पूलमधलं किंवा रेप्लिकेशनचं कनेक्शन दिवसेंदिवस एकाच किल्लीवर उभं असतं, ३२ जीबी तिथे कधीच ओलांडले जातात.

माझं मत विचाराल तर रात्रपाळींनी दाखवलेली साध्या कनेक्शनची फट याहून कितीतरी मोठी. पण ट्रिपल डीईएस ठेवून मिळत काहीच नाही, सीपीयूही जास्त खातो, तर काढायचाच. आरसी४ वर मात्र वाद नाही, २०१५ च्या आरएफसी ७४६५ ने टीएलएसमध्ये त्याला सरळ मनाई आहे.

विंडोजवाले_काका

आता १४३३ कडे येऊ, खरी मेहनत इथेच आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सायफरचं सेटिंगच नाही. तो विंडोजचं एसचॅनल (विंडोजमधला टीएलएसचा भाग) वापरतो, म्हणून बदल अख्ख्या मशीनला लागू होतो, आरडीपीसकट (दूरून लॉगिन). रीबूट लागतो. व्हीएमचा कन्सोल हाताशी ठेवूनच करा.

पोस्टग्रेसच्या बरोबर उलटी तऱ्हा इथे आहे. 'फोर्स एन्क्रिप्शन' बंद असलं तरी लॉगिनचं पॅकेट एन्क्रिप्ट होतंच. हँडशेक जमला नाही की लॉगिनच नाही, गुपचूप साध्यावर जाणं नाही. आवळलंत तर जुनी यंत्रं धाडकन बंद पडतील. अर्थात फोर्स एन्क्रिप्शन बंद असेल तर लॉगिननंतरचा सगळा डेटा उघडाच जातो, ते आधी चालू करा, योग्य सर्टिफिकेट लावून.

रजिस्ट्रीत एसचॅनलखाली 'सायफर्स' मध्ये 'आरसी४ १२८/१२८', '५६/१२८', '४०/१२८', '६४/१२८' आणि 'ट्रिपल डीईएस १६८' या कीज, प्रत्येकीत 'एनेबल्ड' हे डीवर्ड शून्य. 'प्रोटोकॉल्स' मध्ये टीएलएस १.० आणि १.१ खाली 'सर्व्हर' ला 'एनेबल्ड' शून्य.

इथे एक खड्डा आहे. कीच्या नावात तिरकी रेघ आहे. पॉवरशेलच्या न्यू-आयटमने की बनवलीत तर तो ती रेघ फोल्डरची समजतो आणि 'आरसी४ १२८' खाली '१२८' अशी आत आत की बनवतो. एसचॅनल तिकडे बघतही नाही. स्क्रिप्ट यशस्वी, रीबूट झाला, आरसी४ जागच्या जागी. रेगएडिटने हाताने बनवा, किंवा .रेग फाइल, किंवा डॉटनेटचं क्रिएटसबकी.

'क्लायंट' ची फांदी घाईने बंद करू नका. तिच्यावर त्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी कनेक्शनं चालतात: लिंक्ड सर्व्हर, डेटाबेस मेल. आधी डॉटनेट ४ च्या दोन्ही फांद्यांत, मूळ आणि वाओ६४३२नोड, 'एसचयूजस्ट्राँगक्रिप्टो' एक करा, मग ती बंद करा.

भोसरीकर

काका, ऑडिटर म्हणतो फक्त जीसीएम ठेवा, सीबीसी (एईएस वापरायची जुनी पद्धत) नको. जमेल का?

विंडोजवाले_काका

२०१२ आर२ वर आरएसए सर्टिफिकेटसोबत ईसीडीएचई आणि जीसीएम ही जोडी नाहीच, ती विंडोज सर्व्हर २०१६ पासून आली. तुमच्याकडे दोन वाटा. डीएचई-आरएसए-जीसीएम ठेवायचं, किंवा ईसीडीएचई-आरएसए-सीबीसी, एसएचए२५६/३८४ वालं. विंडोज ७ च्या क्लायंटकडेही आरएसए सर्टिफिकेटवर ईसीडीएचईसोबत जीसीएम नाही. मी दुसरी वाट सुचवेन. ऑडिटरला ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा आणि बदलाची तारीख लेखी द्या, अपवाद म्हणून नोंदवून घ्या. सीबीसीचा शेरा आरसी४ च्या शेऱ्याइतका गंभीर नाही, हे तोही जाणतो.

विंडोज ७ वर टीएलएस १.२ आहे पण क्लायंटसाठी मुळात बंद. 'प्रोटोकॉल्स', 'टीएलएस १.२', 'क्लायंट' मध्ये 'डिसेबल्डबायडिफॉल्ट' शून्य आणि 'एनेबल्ड' एक. मग ड्रायव्हर. विंडोजसोबत येणारा जुना 'एसक्यूएल सर्व्हर' ड्रायव्हर सोडा, ओडीबीसी १३.१ किंवा १७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या विंडोज ७ एसपी१ वर चालतात. अस्तित्वात असलेल्या डीएसएनचा (ओडीबीसीत जतन केलेली जोडणी) ड्रायव्हर बदलता येत नाही, डीएसएन पुसून त्याच नावाने नवा करावा लागतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिट असणार, म्हणजे सिसवाओ६४ मधलं ओडीबीसीएडी३२ उघडा. ६४ बिटच्या खिडकीत केलेला डीएसएन त्याला दिसणारच नाही.

अडकलेलं यंत्र "एसएसएल सिक्युरिटी एरर" दाखवतं, डीबीनेटलिबच्या नावाने. सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये त्याच वेळी एसचॅनल ३६८७४ असेल तर सायफर जुळले नाहीत.

चहाबिस्किट

आणि एखादं यंत्र अजिबात सुधारता आलं नाही तर? व्हेंडरच गायब, असं भोसरीत काही नवीन नाही.

नळस्टॉप

पोस्टग्रेसशी बोलणारं असेल तर त्याच यंत्रावर किंवा शेजारी एसटनेल (साध्या कनेक्शनवर टीएलएस चढवणारा प्रोग्राम). त्याला 'प्रोटोकॉल = पीजीएसक्यूएल' कळतं. यंत्र लोकलहोस्टवर साधं जोडलं जातं, पुढे एसटनेल टीएलएस १.२ करतो. शेजारच्या पेटीवर ठेवलात तर मधली वायर उघडी, हे लक्षात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरसाठी ही युक्ती नाही, टीडीएसमुळे. तिथे ते यंत्र वेगळ्या व्हीलॅनमध्ये (अलग नेटवर्कमध्ये) टाका आणि मधे एक छोटी सेवा लिहा जी त्याच्याकडून डेटा घेऊन नव्या ड्रायव्हरने पुढे टाकेल.

अक्षता_डीबीए

जावा ८ ची नेमकी अपडेट बघून घ्या. ८यू१६१ च्या आधीच्या ओरॅकल जावामध्ये २५६ बिट एईएस आपोआप खुलं नव्हतं. यादीत फक्त २५६ ठेवलंत तर ॲप जोडलं जाणार नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये "नो शेअर्ड सायफर" दिसेल. पेठकरांच्या ओळीत १२८ आहेच, "जास्त बिट म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणून कोणी तो उडवू नये. आणि सर्टिफिकेट आरएसए असताना यादीत फक्त ईसीडीएसएवाली नावं ठेवली, तरी अगदी हीच एरर येते.

भोसरीकर

पीजीबाउन्सरचं काय? सगळं ॲप त्यातूनच येतं, आणि पीजी_स्टॅट_एसएसएलमध्ये मला एकच सायफर दिसतोय.

रात्रपाळी

कारण तिथे फक्त बाउन्सर ते पोस्टग्रेस हा टप्पा दिसतो. ॲप ते बाउन्सर हा दुसरा टीएलएस, त्याची सेटिंग वेगळी: क्लायंट_टीएलएस_एसएसएलमोड, क्लायंट_टीएलएस_प्रोटोकॉल्स, क्लायंट_टीएलएस_सायफर्स. मागच्या टप्प्यासाठी हीच नावं 'सर्व्हर_' ने सुरू होतात. क्लायंटचा एसएसएलमोड डिफॉल्टने डिसेबल असतो, म्हणजे पोस्टग्रेस कितीही आवळलात तरी ॲपपासून बाउन्सरपर्यंत सगळं उघडं. बाउन्सर डेटाबेसच्याच मशीनवर असेल तर ते थेट नेटवर्कवर आलं. ६४३२ पोर्ट स्कॅनच्या यादीत होता का तेही बघा.

बाउन्सरच्या ॲडमिन कन्सोलवर 'शो क्लायंट्स' द्या. शेवटाकडे टीएलएस नावाचा रकाना आहे, रिकामा असेल तर ते कनेक्शन साधं. आधी तिथे 'अलाऊ' ठेवून रकाना भरताना बघा, सगळे भरले की 'रिक्वायर'.

भोसरीकर

रकाना पूर्ण रिकामा आहे. ६४३२ स्कॅनमध्ये नव्हताच. म्हणजे सुरुवात बाउन्सरपासून, मग होस्टएसएसएल, सायफर शेवटी. १४३३ चं रीबूट महिनाअखेर उलटल्यावर रविवारी. विंडोज ७ यंत्रांची ड्रायव्हरसकट यादी उद्यापासून करायला घेतो.